दोन फण्यांची सतरंजी

नणंदेला जुळे झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. निरोप आला तेव्हा थोरली सून मोठ्या मागासमोर उभी राहून ताण्याचे उभे दोरे बोटांनी छेडून बघत होती. सगळे दोरे सारखे वाजले की ताणा बसला असे समजायचे. तीनशे साठ दोरे छेडून झाले होते, उरलेले छेडायचे होते, आणि दारात धाकटा दीर धापा टाकत उभा होता.

"ताईला जुळं झालं."

थोरलीने दोरा सोडला नाही. "अजून दीड महिना होता की."

"त्यांना कुठं माहीत होतं? मुलगा आणि मुलगी. दोन्ही मुठीएवढी आहेत, पण रडतायत घर डोक्यावर घेऊन."

"आणि ती?"

"बरी आहे. पण वैद्यीण म्हणाली, चार महिने उठून काम करायचं नाही."

थोरली फळीवर बसली. चार महिन्यांनीच सतरंजी द्यायची होती. गावच्या नव्या सभागृहासाठी, सहा हात रुंद आणि दहा हात लांब, एकसंध, मध्ये शिवण नसलेली. एवढ्या रुंद मागावर शेजारी शेजारी दोघी बसाव्या लागतात. आधी थोरली आणि सासूबाई बसत. सासूबाई गेल्यावर तीन वर्षे माग रिकामा होता. आता थोरली आणि नणंद बसणार होत्या, बाळंतपणाचे थोडे दिवस सोडून.

"मग दुसरी कोण बसणार?" धाकट्याने विचारले, आणि विचारता विचारताच त्याची मान मागच्या खोलीकडे वळली.

थोरलीचीही वळली. "हं," ती म्हणाली. त्या एका हुंकारात अकरा वर्षे होती.

मागच्या खोलीत धाकटी जाऊ लोकर पिंजत होती. डाव्या हाताने. म्हणून तिला सगळे डावरी म्हणत. लग्न होऊन घरात आली त्याच महिन्यात तिला शिकवायला सासूबाई स्वतः मोठ्या मागावर थोरलीच्या डाव्या जागेवर बसल्या आणि तिला उजव्या बाजूला बसवले. शेजारी बसणारी उजव्या हाताने फणी ठोकते, ही डाव्या हाताने. आडवा धागा ओढून घेतला की लोखंडी फणीने तो खाली ठोकायचा असतो, आणि प्रत्येक ठोक्याला दोघींची कोपरे मध्ये एकमेकींवर आपटत. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचे कोपर काळेनिळे झाले. मग डावरीला उजव्या हाताने ठोकायला लावले. तो हात हलका. हलक्या हाताने धागा नीट दबत नाही, म्हणून तिची बाजू भराभर वर चढली आणि सतरंजी पंख्यासारखी एका बाजूला फाकली. अकरा दिवसांचे विणकाम सासूबाईंनी तिच्याकडूनच उसवून घेतले आणि म्हणाल्या, "डाव्या हाताला माग नसतो. तू सूत कात."

तेव्हापासून ती सूत कातत होती. या घरातल्या प्रत्येक सतरंजीतला धागा तिच्या बोटांतून गेला होता, पण तिला विणकर कुणी म्हणत नव्हते. मागच्या खोलीतल्या लहान मागावर ती एकटी बसून पायपुसणी विणायची. ती काटकोनात, सपाट, चारी कोपरे जमिनीला चिकटलेली असत. त्यांच्यावर लोक पाय पुसत, एवढेच.

"डावरे," थोरलीने हाक मारली. "हात धू आणि बाहेर ये."

---

पहिल्या आठवड्यात दोनदा उसवावे लागले.

मोठ्या मागाची एक खोड असते. विणलेला भाग खालच्या तुळईवर गुंडाळत जावा लागतो, म्हणून पूर्ण सतरंजी शेवटी कापून काढेपर्यंत कुणालाच दिसत नाही. आत चूक गेली तर ती गुंडाळीत झोपून राहते आणि चार महिन्यांनी अंगणात उठून बसते. त्यासाठी गुंडाळण्याआधी मामंजी गाठी मारलेली दोरी घेऊन येत. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल, कारण घरचा रंग तेच उकळत. डाव्या काठाला दोरी लावायची, मग उजव्या काठाला. दोन्ही मापे सारखी आली तरच गुंडाळायचे.

"उजवी बाजू बोटभर वर आहे," मामंजी म्हणाले.

"बोटभर?" थोरली म्हणाली. "दहा हातांत किती होईल ते?"

"सभागृहात लोक घसरगुंडी खेळतील एवढं."

उजव्या हाताने ठोकून ठोकून डावरीच्या खांद्यात कळ भरली होती. तिने उसवायला घेतले.

दुसऱ्या खेपेला तिने डावा हात वापरला. दुपारपर्यंत थोरलीचे उजवे कोपर सुजले.

"अगं, तू विणतेस का मला मारतेस?"

"चुकून लागलं, जाऊबाई."

"तीस वेळा चुकून?"

"तुमचंही मला लागलंय," डावरी म्हणाली आणि बाही वर सारून दाखवली. थोरलीला हसू येत होते, पण ती रागावलेली असल्यामुळे तिने ते गिळले. रागात तिचा हात जड पडतो आणि धागा करकचून ओढला जातो. संध्याकाळी बघितले तर डाव्या काठाने आत वळून कंबर काढली होती. तेही उसवावे लागले.

मग एकीने ठोकायचे, दुसरीने थांबायचे, असे करून पाहिले. हिशेब सरळ होता. त्या गतीने सतरंजी आठ महिन्यांनी झाली असती.

तोड काय ती डावरीला ठाऊक होती. पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. डावरी डाव्या बाजूला बसली आणि उजव्या हाताची उजव्या बाजूला, तर दोघींची ठोकणारी कोपरे बाहेरच्या अंगाला येतात. मध्ये भांडायला काही उरत नाही. एवढे सोपे.

पण डावी बाजू ही बाजू नव्हती, जागा होती. खिडकी तिकडे. उजेड तिकडे. नव्या रांगेची सुरुवात तिकडून, कुठला रंग कुठे वळवायचा ते तिथे बसणारी सांगते, आणि सतरंजी संपताना वरच्या डाव्या कोपऱ्यात तिथे बसणारी आपली खूण विणते. थोरलीची खूण पाच दात्यांची फणी होती. ती जागा सासूबाईंनी हात धरून तिला दिली होती. फळीला तिथे खळगा पडला होता. ती जागा मागणे म्हणजे थोरलीला घराबाहेर बसायला सांगण्यासारखेच.

तिने नवऱ्याला सांगून पाहिले. धाकटा लोकर धूत होता.

"तुम्ही बोला ना वहिनींशी."

"मी?" त्याने पिळलेली लोकर पुन्हा पाण्यात बुडवली. "मला या घरात जेवायचंय अजून."

"सतरंजी बिघडली तर पुन्हा मोठं काम येणार नाही घरात."

"तेही खरंय."

"मग?"

"मग तू बोल. तुला माझ्यापेक्षा कमी जेवण लागतं."

---

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी थोरली नणंदेची जुळी बघायला गेली. जाताना सांगून गेली, "दोन्ही बाजू उसवून सारख्या पातळीला आणून ठेव. माझ्या बाजूला विणायचं काही नाही. मी आल्यावर बघू, नाहीतर सभागृहवाल्यांना नाही म्हणून कळवू."

डावरीने उसवले. दोन्ही बाजू एका ओळीत आणल्या. दोरी लावून पाहिली. मग उजव्या जागेवर हात मांडीवर ठेवून बसली. नाही म्हणून कळवले की ती पुन्हा मागच्या खोलीत जाणार, पिंजणार, कातणार आणि पायपुसणी विणणार. या वेळी तर सासूबाईही नव्हत्या दोष द्यायला.

ती उठली आणि डावीकडे जाऊन बसली.

खळगा तिच्या मापाचा नव्हता. थोरली अंगाने भारी होती. डावरी त्यात जरा बुडालीच. तिने लाल धागा घेतला, ताण्यातून नेला, काठ आत ओढला जाऊ नये म्हणून मध्ये डोंगरासारखा उंच, सैल सोडला, आणि डाव्या हाताने फणी ठोकली. कोपर मोकळ्या हवेत गेले. पुन्हा ठोकली. अकरा वर्षांनी या मागाचा पूर्ण आवाज तिच्या हातातून निघाला.

चार बोटे विणून झाली तेव्हा मामंजी दारात आले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, रिकाम्या उजव्या जागेकडे पाहिले.

"तू तिथे?"

"मामंजी, कोपर," ती म्हणाली आणि हात हलवून दाखवला.

मामंजींनी आपले स्वतःचे कोपर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवून पाहिले. मग ते म्हणाले, "मी काही बघितलेलं नाही. माझा रंग उतू जातोय." आणि गेले. रंग उतू जात नव्हता.

थोरली आली ती थेट मागाच्या खोलीत. डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. डावरी उठू लागली.

"बस."

ती अर्धवट उठलेली तशीच बसली. थोरली जवळ आली, डोळे मिटून तिने विणलेल्या चार बोटांवरून तळवा फिरवला, काठापासून मध्यापर्यंत. सासूबाई असेच करायच्या. मग मागून हात घालून पाठ तपासली. मग काठ अंगठ्याने चाचपला.

"हे आज सुचलं नाही तुला," ती म्हणाली.

"नाही."

"कधी सुचलं?"

"लग्नाच्या वर्षी. सासूबाईंचं कोपर काळं पडलं त्या दिवशी."

"आणि अकरा वर्षं तोंडात काय धरलं होतंस?"

"तुमची जागा कशी मागायची?"

थोरलीने ताण्याचा एक दोरा छेडला. बावन्न वर्षांची बाई. तिचे अर्धे आयुष्य त्या खळग्यात गेले होते.

"मलाही सुचलं नाही," ती शेवटी म्हणाली. "कोपर माझंच सुजलं होतं आणि मला सुचलं नाही. मला वाटलं, जागा म्हणजे भिंत." तिने डाव्या बाजूची आपली उशी डावरीच्या खालून ओढून काढली, उजवीकडे टाकली आणि तिच्यावर बसली. "उशी माझी आहे. जागा घे, उशी मिळणार नाही."

"नको मला उशी."

"आणि नक्षी मी सांगणार."

"सांगा."

"आणि मधला जोड. दोघींचे धागे मध्ये सरळ रेषेत वळले तर तिथे उभी चीर पडते. पायऱ्या करायच्या. मी खालून उतार बांधणार, तू त्याच्यावर येऊन बसणार. मी 'झालं' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही."

"मला माहीत आहे, जाऊबाई. अकरा वर्षं बघतेय मी दारातून."

"दारातून," थोरली पुटपुटली. "विण आता. बडबड पुरे."

दोन फण्या वाजू लागल्या. सुरुवातीला मागेपुढे, मग एकत्र. स्वयंपाकघरात धाकट्याने ते ऐकले आणि हातातला चहाचा पेला तसाच धरून तो उभा राहिला. हा आवाज घरात तीन वर्षांनी येत होता.

---

आता काम धावू लागले. मामंजी दोरी लावत, मान हलवत, गुंडाळायला सांगत. पण दहाव्या दिवशी डावरीला उजव्या बाजूला काहीतरी खटकले. काळ्या चौकटीत थोरलीने गडद निळा धागा घातला होता. एक नाही, सहा रांगा.

डावरीने सांगावे की नाही याचा विचार केला. अकरा वर्षे गप्प राहून काय झाले ते तिला माहीत होते.

"जाऊबाई, तो निळा आहे."

"कुठला?"

"तुमच्या हातातला."

थोरलीने धागा उचलून खिडकीकडे धरला. तिचा चेहरा उतरला. ती उसवू लागली. सहाव्या रांगेपर्यंत आली तेव्हा म्हणाली, "या कोपऱ्यात मला दोन्ही सारखेच दिसतात. खिडकीजवळ कळायचं. मला वाटायचं, डोळे ठीक आहेत. डोळे नव्हते, खिडकी होती."

"परत इकडे येता का?"

"आणि काय करू? तुझी कोपरं खाऊ?"

त्या दुपारी डावरी माहेरून आलेल्या कपाटापुढे उभी राहिली. त्याच्या दाराला उभा, माणसाएवढा आरसा होता. तिने पेचकस आणला आणि दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या.

"अगं, काय करतेस?" धाकटा म्हणाला. "मी दाढी कुठं बघून करू?"

"बादलीत."

"पाणी हलतं."

"मग तुम्ही हलू नका."

दोघांनी ते दार उचलून मागाच्या खोलीत नेले आणि उजव्या भिंतीशी टेकवले. खिडकीतून आलेला उजेड आरशावर पडला आणि उलट फिरून थेट थोरलीच्या ताण्यावर आला. लाल लालच दिसू लागला, काळा काळा, निळा निळा.

थोरलीने धागे एकेक करून पाहिले. आरशाकडेही पाहिले. त्यात ती स्वतः दिसत होती, फणी घेतलेली, आणि तिच्या पलीकडे डावरी.

"आरशात तू उजवरी दिसतेस," ती म्हणाली. "आणि मी डावरी."

"मग आता कळेल तुम्हाला."

सूर्य सरके तसा आरसा सरकवावा लागे. सकाळी दार जरा पुढे, दुपारी मागे. हे काम धाकट्याने स्वतःहून घेतले, कारण त्या निमित्ताने त्याला दिवसातून दोनदा दाढी बघता येत असे.

---

चौथ्या महिन्यात शेवटची हातभर विणाई राहिली. फण्यांचा ताल एवढा जमला होता की नणंद एका कडेवर एक, दुसऱ्या कडेवर एक, अशी जुळी घेऊन आली तेव्हा ती दोन्ही त्या आवाजाने दारातच झोपली. "रोज इथंच आणून ठेवते," नणंद म्हणाली, "माझ्या घरी ही कशानंच झोपत नाहीत."

शेवटच्या चार बोटांना डावरी थांबली आणि सरकून जागा केली. "या जाऊबाई. खूण विणा."

"कसली?"

"तुमची फणी. डावा कोपरा आलाय."

थोरलीने आपला धागा ठोकला. "खूण तिथे बसणारीची असते."

"माझी खूणच नाही."

"अकरा वर्षांत ठरवली नाहीस?"

"पायपुसण्यावर कोण खूण करतं?"

"मग आता ठरव. उद्या कापायचंय."

डावरीने कोऱ्या दोऱ्यांवरून बोट फिरवले. मग तिने काळा धागा घेतला आणि पाच दात्यांची फणी विणली, थोरलीच्या फणीसारखीच, पण उलट्या हाताची. थोरलीच्या फणीची मूठ उजवीकडे असे, हिची डावीकडे.

थोरलीने मान वाकवून पाहिली. "चोरलीस."

"फिरवली," डावरी म्हणाली. "उजवा कोपरा मोकळा आहे, जाऊबाई."

"उजव्या कोपऱ्यात खूण नसते."

"डाव्या जागेवर डावरीही नसते."

थोरलीने तिच्याकडे पाहिले. मग काळ्या धाग्याचा गुंडा तिच्या मांडीवरून उचलून घेतला, आरशाकडे जरा वळली आणि उजव्या कोपऱ्यात आपली फणी विणू लागली.

---

सभागृहाकडून सतरंजी तपासणारी बाई सकाळीच आली. सतरंजी अंगणात पसरली होती आणि घरचे सगळे भिंतीला चिकटून उभे होते. गुंडाळीत काय झोपले आहे ते आता उठणार होते.

बाई बोलकी नव्हती. तिने चपला काढल्या, अनवाणी पायांनी काठाकाठाने चालली, कुठे फुगा आहे का ते तळव्यांनी पाहिले. मग तिने मापाची फीत काढली. "चौकोन खरा की खोटा ते कोपऱ्यांतून कळतं," ती म्हणाली. "कुणीतरी टोक धरा."

धाकट्याने टोक धरले. तिने फीत या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ताणली.

"पाच मीटर तेहतीस."

मग दुसऱ्या तिरक्या कोपऱ्यांत ताणली. ती वाकून बघत राहिली. डावरीने थोरलीची बाही धरली. थोरलीने सोडवून घेतली नाही.

"पाच मीटर तेहतीस," बाई म्हणाली. मग तिने फीत सोडली, पुन्हा लावली. "तेहतीसच. पंचवीस वर्षं मोजतेय मी. हाताच्या मागावर दोन्ही तिरकी मापं बोटभर तरी वेगळी येतात."

"ती फीत जुनी असेल," थोरली म्हणाली. आनंद झाला की ती असेच काहीतरी बोले.

बाई पहिल्यांदा हसली. तिने मधला जोड शोधला, तो तिला दोनदा वाकूनही सापडला नाही. मग वरच्या कोपऱ्यांपाशी ती थांबली. "या दोन फण्या? तुमच्या घरची एकच असते ना, डावीकडे?"

"आता दोन," मामंजी म्हणाले.

"मुख्य विणकर कोण? मला नाव लिहायचंय. एकाच नावाची ओळ आहे कागदावर."

डावरी मागे सरली. थोरलीने तिच्या पाठीला कोपर लावले, त्याच उजव्या कोपराने, आणि तिला पुढे ढकलले.

"ही लिहा," ती म्हणाली. "खिडकीजवळ बसते ती."

बाईने लिहिले. मग डावरीने तिच्या हातातून लेखणी मागून घेतली आणि त्या एका ओळीत, डाव्या हाताने, दाटीवाटीने थोरलीचेही नाव बसवले.

ती सतरंजी अजून त्या सभागृहात आहे. मधला रंग थोडा विटला आहे, काठ सरळ आहेत. त्यानंतर त्या मागावर दोघींनी मिळून तेहतीस मोठ्या सतरंज्या विणल्या, सगळ्या दोन खुणांच्या. शेवटी थोरलीला आरशाच्या उजेडातही रंग ओळखता येईनात, तेव्हा डावरी धागे तिच्या हातात क्रमाने देत असे आणि थोरली ठोकत असे, आणि ठोका कधी हलका पडला नाही. चौतिसावी सतरंजी मागावर अर्धी असताना उजवी जागा रिकामी झाली. नणंदेची मुलगी, जुळ्यांतली, येऊन तिथे बसली. उशी डावरीने तिला दिली, आरसा भिंतीशी तसाच ठेवला, आणि वरचा उजवा कोपरा आला तेव्हा त्यात थोरलीचीच फणी विणायला सांगितली.

जुळी सतरा वर्षांची झाली त्या वर्षी, थंडी सरताना, एका मंगळवारी सकाळी चहा घेऊन झाल्यावर थोरली जाऊ गेली. तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती.